बारा रकाने

गोष्ट चार पानांची होती. तिच्यात दोन बहिणी, एक खाट, एक खिडकी, एक ट्रे आणि पाण्याचे दोन पेले होते. बोललेली वाक्यं सात. ‘विष’ हा शब्द एकदाही नव्हता. हे मी नंतर मोजलं, कारण तो शब्द दुसऱ्या पानावर आहेच, असं आत्या पैजेवर सांगत होती.

गोष्ट थोडक्यात अशी. धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. मोठी तिला रोज सकाळी ट्रेमधून एक पेला पाणी आणून देते. एके दिवशी ट्रेमध्ये दोन पेले असतात. धाकटी विचारते, “दुसरा कोणाला?” मोठी म्हणते, “तुलाच.” मग ती खिडकी उघडते आणि निघून जाते. शेवटच्या परिच्छेदात संध्याकाळ झालेली आहे. खिडकी बंद आहे. एक पेला रिकामा, एक भरलेला. खाटेबद्दल एक अक्षर नाही. संपली गोष्ट.

सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता आत्याला काहीतरी वाचून दाखवायचं, हा आमच्या घरचा नेम. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. छापखान्यात अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. बाबा गेले, तरी ती राहिलीच. ती आणि आई अशा दोघींनी मिळून मला वाढवलं. मागच्या वर्षी ती जिन्यावरून पडली, मणक्याला मार बसला, आणि तेव्हापासून कमरेखालचं अंग तिचं ऐकत नाही. जीभ मात्र पूर्वीपेक्षा जास्त चालते. पुस्तक धरून हात भरून येतात, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन साबणाच्या कारखान्यात दर्जा तपासायचं काम करते. घरी आत्या मला मोजपट्टी म्हणते.

त्या दिवशी खरं म्हणजे कुणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. दोन दिवसांपूर्वी सिस्टर येऊन गेली होती. ती दवाखान्याकडून दर पंधरा दिवसांनी येते, आत्याला कुशीवर वळवते आणि माकडहाडावरची जखम पारदर्शक पट्टीनं मोजते. सतत पडून राहिल्यानं झालेली जखम. मागच्या खेपेला लांबी तेहेतीस मिलिमीटर होती, या खेपेला चौतीस.

“पुढच्या वेळी तीसच्या आत आली पाहिजे,” सिस्टर हातमोजे काढत म्हणाली होती. “नाहीतर मग भरती. घरी नाही सांभाळता येणार.”

भरती म्हणजे दवाखान्याच्या मागच्या इमारतीतला लांब मुक्कामाचा वॉर्ड. छापखान्यातली आत्याची एक मैत्रीण तिथे अकरा महिने होती. “पहिल्या महिन्यात तिला भेटायला पाच जण यायचे,” आत्या सांगायची. “शेवटच्या महिन्यात मी.” सिस्टरनं भरतीचं नाव काढलं तेव्हा आत्यानं विनोद केला नाही. “मला इथेच राहायचंय,” एवढंच म्हणाली, तेही भिंतीकडे बघून.

मला ते इतकं लागलं की त्या दोन दिवसांत मी गादी, मलम, पट्टी बांधायची पद्धत, जेवणातली प्रथिनं, सगळं पुन्हा तपासलं. खोलीतली आर्द्रता मोजायचं एक यंत्रही खाटेजवळ टांगलं. “आता वाऱ्याची दिशा तेवढी राहिली,” आत्या म्हणाली. एक गोष्ट मी तपासली नव्हती, कारण ती तपासायची गरजच नव्हती. अशा जखमेवर पहिला उपाय म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलून देणं, एकदा डावी, एकदा उजवी. त्याचा तक्ता मीच केला होता. दिवसाचे बारा रकाने. वेळ लिहायची, कूस लिहायची. तक्ता आत्याच्या समोरच्या भिंतीवर लावलेला होता. आई भरायची. त्रेचाळीस दिवसांत सुरुवातीचा एक रकाना सोडला तर एकही रिकामा नव्हता.

तर मी गोष्ट वाचून संपवली. आई दारात उभी राहून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

“विष,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या पेल्यात विष होतं. दुसरं काय?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“लिहायचं असतं होय असं? दुसऱ्या पानावर शब्द आहे बघ. तू वाचताना खाल्लास.”

“नाही आहे. आणि कोणता पेला रिकामा झाला तेही दिलेलं नाही. पहिला की दुसरा, कोणी प्यायला की ओतून दिला, काही नाही. एवढ्या माहितीवरून निष्कर्ष निघत नाही, आत्या.”

“निष्कर्ष काढायला तुझी प्रयोगशाळा आहे का ती? बिचारी खाटेवर पडलीय. आणि मला सांग, खिडकी कोणी लावली? तिला उठता येत नाही. ही लेखकाची चूक आहे. मी असते तर समासात प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवली असती.”

“मोठीनंच येऊन लावली असणार,” आई दारातून म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. आई आमच्या वाचनात कधी बोलत नाही.

“मोठी येऊन गेली असं कुठे लिहिलंय?” मी विचारलं.

“केलेलं सगळं कोण लिहून ठेवतं?” तिनं हनुवटीखाली चादर धरून दोन टोकं जुळवली. “आणि पेले दोन आणले ते एकदमच आणले. परत फेरी नको म्हणून.”

“आणि संध्याकाळी एक भरलेलाच कसा?” आत्यानं तिला पेचात पकडल्यासारखं विचारलं.

“तो तिचा स्वतःचा असेल. राहून गेला असेल प्यायचा.”

“अगं, पण ती सरळ म्हणतेय, तुलाच म्हणून.”

“म्हणायला काय जातं, वन्सं,” आई म्हणाली, आणि चादरी घेऊन आत गेली.

आत्या हसली. मीही हसले. विषाच्या गोष्टीचं आईनं असं पाणी करून टाकलं, याची गंमत वाटली, इतकंच. नंतर मी चारही पानं शब्द न् शब्द तपासली आणि पैज जिंकले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वड्या कापायच्या यंत्रावरच्या मामांनी आपला कागद आणून दिला. मामांचं वय पंचावन्न, माझं तेवीस. ते मला मॅडम म्हणतात आणि म्हणताना थोडे हसतात. त्यांनी दर अर्ध्या तासाला पाच वड्यांचं वजन करून लिहायचं असतं. कागदावर आकडे होते शंभर पूर्णांक दोन, शंभर पूर्णांक दोन, शंभर पूर्णांक दोन. खालपर्यंत तेच.

“मामा, ही वजनं एकसारखी कशी?”

“वड्या एकसारख्याच आहेत, मॅडम. मशीन चांगलं आहे.”

“इतकं चांगलं मशीन मी अजून पाहिलेलं नाही.”

“तुम्ही अजून पाहिलंय काय? वयच काय आहे तुमचं!”

मी कागद त्यांच्याकडे वळवून नुसता धरला. खरी वजनं कधी एवढी शहाणी नसतात. एखादी वडी शंभराच्या खाली उतरते, एखादी जरा फुगते. ज्या कागदावर सगळं एका रांगेत उभं असतं, तो काट्याजवळ बसून लिहिलेला नसतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं, आणि आजवर मी असे सात कागद परत केले होते.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. “काटा त्या टोकाला आहे,” ते म्हणाले. “जायला चार मिनिटं, यायला चार. तेवढ्यात इकडे वडी अडकली तर पट्टा थांबतो. पट्टा थांबला की वरचे धावत येतात. मग मी एकदाच जातो आणि दोन रकाने भरतो. दोन-दोन फेऱ्या कोण मारणार?”

आईचं ‘परत फेरी नको’ हे वाक्य मला तेव्हा आठवलं असं म्हणायला छान वाटेल, पण आधी आठवला तो आमच्या भिंतीवरचा कागद. आठ, दहा, बारा, दोन. मी तो रोज बघत होते. आठ वाजून सात मिनिटं, असं त्यावर कधी काही पाहिलं होतं का, ते मी आठवत राहिले. मामा टोपी हातात धरून उभेच होते.

“मॅडम? परत करताय का?”

“ठेवा,” मी म्हणाले. “उद्या बोलू.”

घरी पोहोचले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आत्या उजव्या कुशीवर होती, डोळे मिटून. तक्त्यावर चारचा रकाना भरलेला होता, डावी. सहाचाही भरलेला होता, उजवी. मी आधीचे सगळे तक्ते फाईलमध्ये ठेवले होते. ते काढून टेबलावर पसरले आणि बोट ठेवून एकेक नोंद पाहिली. त्रेचाळीस दिवस, पाचशे सोळा रकाने, एक रिकामा. बरोबर तासावर नसलेल्या नोंदी: शून्य. मामांच्या कागदावर निदान साबणाच्या वड्याच होत्या. हा कागद मी त्रेचाळीस दिवस कौतुकानं बघितला होता, सिस्टरला दाखवला होता.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

“आई, तू आत्याची कूस दर दोन तासांनी बदलतेस?”

“कागदावर आहे ना.”

“कागदावर आहे.”

“मग?”

“सगळ्या वेळा बरोबर तासावर आहेत. कुठे पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही.”

“वेळेवर केलं तरी तुझी तक्रार.”

मी गप्प राहिले. कारखान्यात मी अशा वेळी गप्पच राहते; मग समोरचा माणूस बोलतो. ही युक्ती आईवर वापरताना मला बरं वाटलं नाही, पण वापरली.

तिनं तीन-चार देठं मोडली. “चार तासांनी बदलते,” ती म्हणाली. “कधी पाचही होतात. रात्री एकदाच उठते. कधी तेही नाही. गजर होतो, मला कळतो, पण अंग उचलत नाही.” तिनं हात पदराला पुसला. “त्या आहेत माझ्या दीडपट. वळवून झालं की मला भिंतीला धरून उभं राहावं लागतं. मग वाटतं, दोन तासांनी पुन्हा हेच. मग दोन रकाने एकदम भरते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“कधी सांगू? तू घरात आलीस की आधी कागद बघतेस. मग आत्याकडे जातेस. मग तुला आठवतं की चप्पल काढायची राहिली.”

“म्हणून खोटं लिहायचं?”

“पहिल्या आठवड्यात एक रकाना रिकामा राहिला होता,” आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढवायलाही जोर लागतो. “तू बोलली काही नाहीस. लाल पेन घेतलंस आणि त्याच्याभोवती गोल केलास. दिवसभर तो माझ्यासमोर होता. केर काढताना, लादी पुसताना, वन्संना भरवताना. मी म्हटलं, यापुढे हिला गोल करायला जागाच ठेवायची नाही.”

तो गोल मला आठवत होता. मी तो रागानं केला नव्हता. कारखान्यात रिकाम्या रकान्याला गोल करायची पद्धत आहे.

आतून आत्याचा आवाज आला. “माझी कंबर गेलीय, कान नाहीत गेले. भांडायचं तर इकडे येऊन भांडा. मलाही करमणूक.”

आम्ही आत गेलो. आत्यानं चष्मा चढवला होता.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. समोरच्या भिंतीवर रोजच्या रोज चुका छापून येतायत, आणि मला दिसणार नाहीत?”

“मग बोलली का नाहीस? जखम तुझी आहे, आत्या. भरती तुला व्हावं लागणार.”

“कुणाला बोलू? ही इथे जमिनीवर झोपते. दोनला गजर वाजतो. ही उठत नाही. तो आपला वाजून वाजून थांबतो. मी हिच्याकडे बघत पडते. एक हाक मारली तर ही उठेल, हे मला माहीत असतं.”

“मग?”

“मग नाही मारत.”

“वन्सं, मारायची होती हाक,” आई म्हणाली.

“कशी मारू? तोंड उघडं टाकून झोपतेस, बाई. बघवत नाही.”

आई खाटेच्या कडेला टेकली.  मग ती म्हणाली, “आणि काल मात्र विष म्हणालात. माझ्यासमोर.”

“गोष्टीतल्या बाईला म्हणाले.”

“गोष्टीतली बाईसुद्धा पाणीच आणून देत होती.”

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. “विष मोठीनं आपल्या मनानं घातलं असं मी कुठे म्हटलं? धाकटीनंच मागून घेतलं असेल. एका माणसाला रोज किती उठवायचं, याला काही सुमार आहे? पडून पडून काय काय मागावंसं वाटतं, ते तुला नाही कळायचं.”

“असलं पुन्हा बोलायचं नाही,” आई म्हणाली. एवढं ताडकन तिला बोलताना मी बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं. मग ती उठली आणि बाह्या वर सारल्या. “चला. कूस बदलायची राहिलीय. चारची.”

“मी करते,” मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. त्रेचाळीस दिवसांत मी हे एकदाही म्हटलं नव्हतं. कामावरून आल्यावर, सुट्टीच्या दिवशी, कधीच नाही. आई करते आणि मी मोजते, अशी वाटणी झाली होती, आणि ती कुणी केली ते मला सांगता येणार नाही.

आत्याचं वजन अठ्ठावन्न किलो, आईचं सदतीस. हे दोन्ही आकडे माझ्याच वहीत होते, वेगवेगळ्या पानांवर. मी आत्याच्या खांद्याखाली आणि मांडीखाली हात घालून उचलायला गेले, तर ती अर्धी वळली आणि माझी कंबर पूर्ण वळली. “मोजपट्टी, मी साबणाची वडी नाही,” आत्या म्हणाली. मग आईनं पलीकडून हात लावला. पाठीमागे लोड, गुडघ्यांच्या मध्ये उशी, घोट्याखाली घडी, चादरीची सुरकुती काढायची, जखमेभोवती कोरडं करायचं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. बारा वेळा अकरा म्हणजे दोन तास बारा मिनिटं, दर दिवशी, झोप मोडून. हा गुणाकार पाचवीतलं मूल करेल.

मी सिस्टरला फोन केला. तिला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं आता ती भरतीची तारीख सांगेल.

“उचलताय कशाला तुम्ही?” ती म्हणाली. “दुमडलेली चादर खाली घालायची, गुडघा वाकवायचा, आणि चादर आपल्याकडे ओढायची. माणूस आपोआप वळतं. मी पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं, तुम्ही दोघी तिथेच होतात.”

आई त्या वेळी गरम पाणी आणायला गेली होती. मी तिथे होते. मी जखमेची लांबी-रुंदी वहीत लिहीत होते.

चादर घातल्यावर अकराची सहा मिनिटं झाली. नवा तक्ता केला. रकाने बाराच ठेवले, सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंतचे सहा आईचे, संध्याकाळी सहापासून पहाटे चारपर्यंतचे सहा माझे. आईनं माझ्या खोलीत झोपायचं, मी आत्याजवळ. लाल पेन मी कारखान्यातल्या खणात ठेवलं. वेळ झाली तीच लिहायची आणि राहिलं तर रिकामं सोडायचं, असं ठरलं.

“रिकामं दिसलं तर चालेल ना तुला?” आईनं दोनदा विचारलं.

“चालेल.”

“नक्की?”

पहिल्या रात्री मी सगळे सहा केले आणि सकाळी मला फार अभिमान वाटला. चौथ्या दिवशी कारखान्यात तारीख चुकीची लिहिली. सहाव्या दिवशी तीच चूक दुसऱ्यांदा केली आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवलं ते शेजारच्या बाईनं हलवेपर्यंत. डोळ्यांत वाळू असल्यासारखं व्हायचं. कुणी जोरात बोललं की रडू यायचं, आणि हळू बोललं की राग. आईनं हे त्रेचाळीस दिवस केलं होतं आणि वर माझा डबा भरला होता. मामांचा काटा मी यंत्राजवळ हलवून घेतला. त्यासाठी तीन अर्ज लिहावे लागले. “आता वजनं वाकडीतिकडी येतायत बघा, मॅडम,” मामा कागद देताना म्हणाले. “तुमच्या मनासारखी.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी एक वडी हातात दिली. “तोंड धुऊन या.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आत्यानं तीच चार पानं पुन्हा वाचायला सांगितली. मी म्हटलं दुसरं काहीतरी घेऊ. ती म्हणाली, तीच. मी सुरुवात केली. दोन पेले आले, खिडकी उघडली, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर कुठेतरी मला खुर्चीतच झोप लागली. जाग आली तेव्हा दीड वाजला होता. पुस्तक आत्याच्या पोटावर उपडं होतं. तिनं ते कसं ओढून घेतलं कुणास ठाऊक.

“उठवायचं नाही का?” मी म्हणाले.

“कशाला? गोष्ट मला पाठ आहे.” ती छताकडे बघत होती. “मी चुकले होते. विषबिष काही नाही.”

“मग काय?”

“झोपल्या असतील दोघी. मोठी तिथेच, खुर्चीत. लेखक संध्याकाळी आला, दारातून डोकावला आणि पेले मोजून गेला. तुझ्यासारखा.”

“आणि खिडकी?”

“ती तुझी आई म्हणते तसं. कोणीतरी लावली. लिहायचं राहिलं.”

आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात थोडा रंग आला होता, किंवा मी पहिल्यांदाच नीट बघत होते. तिनं तक्त्यावर लिहिलं, बारा वाजून बेचाळीस मिनिटं, डावी. मी झोपलेली असताना तिनं एकटीनं चादर ओढली होती, आणि मला कळलंही नव्हतं.

“दोनची मी करते,” मी म्हणाले.

“दोनची माझी आहे,” आई म्हणाली. “तू जेव.”

सिस्टर बरोबर ठरल्या दिवशी आली. नवा तक्ता लावून बारा दिवस झाले होते. तिनं आधी तक्ता पाहिला. रकाने एकशे चव्वेचाळीस, भरलेले एकशे पंचवीस, रिकामे एकोणीस. एकोणिसांपैकी तेरा माझे.

“हा खरा दिसतोय,” ती म्हणाली. आई तिच्याकडे बघत नव्हती.

आत्या डाव्या कुशीवर होती, तोंड भिंतीकडे.  एका हातानं तिनं खाटेची कड धरली होती. आईनं दिवा जवळ आणला. मी तिच्या मनगटाखाली हात धरला.

सिस्टरनं जखम पुसली, कोरडी होऊ दिली आणि पारदर्शक पट्टी ठेवली. वाकून बघितलं. पट्टी उचलली, पुसली, परत ठेवली.

“थांबा, पुन्हा एकदा,” ती म्हणाली.

“सांगून टाक गं एकदाचं,” आत्या भिंतीकडे बघत म्हणाली.

सिस्टरनं तिसऱ्यांदा पट्टी ठेवली आणि आकडे वाचले. मी वहीत लिहिले.

लांबी एकोणतीस मिलिमीटर. रुंदी अठरा.